चढावरच्याला माफ

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, एक सायकल चालवणारी आणि दुसरी अजून न चालवणारी, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. 'अजून' हा शब्द त्यांचाच. त्यांच्या लेखी मोटारीत बसलेला, रिक्षात कोंबलेला, बसच्या दांड्याला लटकलेला प्रत्येक इसम आज ना उद्या सायकलवर येणारच होता, फक्त जरा उशीर करत होता. आमच्या लग्नात बाकीचे नातेवाईक मला पगार आणि गाव विचारत असताना हे गृहस्थ डोक्यावरच्या अक्षता झटकत स्टेजवर आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, सायकल येते ना?" मी म्हटलं, "लहानपणी चालवायचो." त्यांनी माझा हात सोडला. मग माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. शिकतील परत." फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढलाय. अल्बम बघणाऱ्यांना वाटतं, मामांच्या चेहऱ्यावरची काळजी भाचीच्या सासरबद्दल आहे. ती माझ्या सायकलीबद्दल आहे.

मामा वर्तकनगरला राहतात, जुन्या कॉलनीत, पहिल्या मजल्यावर. त्यांची सायकल काळी, बावीस इंची, पूर्ण चेनकव्हरची, मागे कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा आणि सीटखाली पुसायचं फडकं कायमचं खोचलेलं. ती जिन्याखाली ठेवलेली त्यांना चालत नसे. रोज खांद्यावर घेऊन एक मजला चढायचे आणि गॅलरीत तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायचे; रस्त्याकडे तोंड केलं तर तिला झोप लागत नाही म्हणे. घंटी पितळेची. ती दर शनिवारी चिंचेच्या कोळाने घासली जायची, त्यामुळे मामींच्या घरात चिंच आमटीला कमी आणि घंटीला जास्त लागायची. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटच्या उजव्या पायाला क्लिप आणि थंडीत मामींनी विणलेली हिरवी माकडटोपी. माझ्या बायकोने त्यांना एकदा चांगलं हेल्मेट आणून दिलं होतं. ते त्यांनी कौतुकाने हँडलला अडकवलं आणि पुढे वर्षभर त्यातून कोथिंबीर आणली.

पण मामांचं खरं वेड सायकलीचं नव्हतंच, सायकलवरच्या नमस्काराचं होतं. रस्त्यात समोरून सायकल आली की तिला काहीतरी द्यायचं, तशीच जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नेम. त्या नमस्काराचं एक व्याकरण होतं आणि मला ते शाळेतल्या समासांपेक्षा अवघड गेलं. ओळखीच्याला घंटी एकदा. अनोळखीला दोनदा, कारण पहिली घंटी आपल्यासाठी आहे हे त्या बिचाऱ्याला कळतच नाही. रस्ता मोकळा असेल तर चार बोटं वर, अंगठा मात्र हँडलवरच. "अंगठा सुटला की माणूस सुटला," असं ते फार गंभीरपणे सांगायचे. पावसात फक्त हनुवटी. समोरच्याकडे ओझं असेल, म्हणजे पाववाला, दूधवाला, भंगारवाला कोणी असेल, तर नमस्कार आपण आधी करायचा आणि त्याने नुसतं बघितलं तरी उत्तर पोचलं असं धरायचं. बायकांना फक्त घंटी, हात नाही, उगाच गैरसमज नको. या शेवटच्या कलमाने एकदा मोठाच घोटाळा झाला. उपवनच्या तलावाशी सायकलवाल्या बायकांचा एक ग्रुप समोरून आला आणि सातही जणींनी हात वर करून "गुड मॉर्निंग काका" म्हटलं. मामांचा हात नियमाने बांधलेला. त्यांनी प्रत्येकीला दोनदा अशी चौदा वेळा घंटी वाजवली खरी, पण दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कलम दुरुस्त केलं, बाईने आधी हात केला तर चार बोटं चालतील, आणि मंजुरीसाठी मामींना सांगितलं. मामी कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, "पाच करा. माझं काही नाही."

आणखी एक नियम मला सुरुवातीला झेपायचा नाही. सायकलवर अहो-जाहो बंद. घरी मामा माझ्याशी जावयाशी बोलावं तसं बोलायचे, "जावईबापू, घ्या ना, अजून एक लाडू घ्या." तोच माणूस सायकलवर टांग टाकली की म्हणायचा, "अरे हाण ना जरा, काय म्हशीसारखा चाललायस?" परत जिन्यापाशी उतरलो की, "या जावईबापू, दमलात?" पायडलवर पाय असेपर्यंत सगळे सारखे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही, पण त्यांनी मला 'अरे' म्हटलं की मला आपलं वय वीसेक वर्षांनी उतरल्यासारखं वाटायचं.

हे सगळं त्यांनी आणलं होतं कामाच्या वाटेवरून. मामा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लेथवर होते. तेव्हा ते कोपरीला राहायचे आणि रोज रेल्वेवरचा पूल ओलांडून कामाला जायचे. सकाळच्या पाळीच्या सायकली पूल चढत असायच्या आणि रात्रपाळी सुटलेल्या समोरून उतरत असायच्या. तिथला रिवाज असा, की उतरणाऱ्याने नमस्कार आधी करायचा, कारण त्याच्याकडे दम शिल्लक असतो. चढणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. चढावरच्याला माफ. त्याने गुपचूप चढायचं आणि पुलाच्या माथ्यावर पोचलं की एक घंटी वाजवायची. ज्याला उत्तर द्यायचं तो तोवर खाली पोचलेला असायचा, कधी वळून दिसेनासाही झालेला असायचा. तरी वाजवायची. "माथ्यावर घंट्या सुरू झाल्या की भोंगा होईपर्यंत थांबायच्या नाहीत," मामा सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "रात्रपाळीवाला डोळे चोळत घरी चाललेला असायचा. त्याला मागून ऐकू यायचं. आपली कुठली ते कळायचं नाही, पण त्यातली एक आपली आहे हे माहीत असायचं." कंपनी केव्हाच बंद झाली. त्या जागेवर आता टॉवर आहे आणि पोटात तीन मजली पार्किंग. मामा तिथून जाताना एकदा घंटी वाजवायचे. वॉचमनला वाटायचं त्याच्यासाठी आहे. तोही हात करायचा.

मामांना गर्व नव्हता असं मात्र कोणी समजू नये. चांगला घसघशीत होता. आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये काचेच्या भिंतीआड जिम आहे आणि तिथे रस्त्याकडे तोंड करून लोक जागच्या जागी सायकल मारत असतात. मामा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्या काचेसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग हळहळून म्हणाले, "बिचारे. केव्हापासून निघालेत कोण जाणे." बॅटरीच्या सायकलीला ते उत्तर द्यायचे, पण दोनच बोटांचं. मोटारीच्या मागे बांधून नेलेली सायकल दिसली की त्यांना भडभडून यायचं. ते त्या सायकलीला, मालकाला नव्हे, दोनदा घंटी द्यायचे. मोटारवाल्याला वाटायचं म्हातारा साइड मागतोय. तो गाडी बाजूला घ्यायचा आणि मामा सावकाश, मान सरळ ठेवून, त्या ट्रॅफिकमधून पुढे निघून जायचे.

त्यांनी मला सायकलवर परत बसवलं ते खडवलीच्या वाटेवर. खडवली म्हणजे ठाण्याहून चांगलंच लांब. "नदीत पाय बुडवून येऊ," असं त्यांनी कोपऱ्यावरून पाव आणून येऊ अशा आवाजात सांगितलं आणि मी फसलो. शेजाऱ्यांकडून त्यांनी माझ्यासाठी एक सायकल मागून आणली होती. उजाडायच्या आत निघालो. कल्याण मागे पडलं आणि गांधारीच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की खाली नदी आहे की नाही तेही कळेना. पुढे मामांची टोपी तेवढी दिसत होती आणि अधूनमधून घंटी ऐकू येत होती. समोरून कोणी आलेलं मला दिसायचं नाही. आधी मामांची घंटी, मग धुक्यातून कुणाची तरी उत्तराची, मग एक दुधाची किटली माझ्या बाजूने खळखळत निघून जायची. त्या सकाळी मी कुणालाही नीट पाहिलं नाही आणि तरी इतक्या माणसांना भेटलो. खडवलीला नदीत पाय सोडून आम्ही मामींच्या दशम्या खाल्ल्या. मामा पाण्याकडे बघत म्हणाले, "बघ, एवढ्या लोकांनी विचारपूस केली आपली. सकाळी सकाळी." विचारपूस हा शब्द त्यांनी घंटीसाठी वापरला आणि मला तो पटला. परतताना माझी अवस्था बघून त्यांनी मला सायकलीसकट भाजीच्या टेम्पोत घातलं. ते स्वतः मागून पायडल मारत आले. टेम्पोने त्यांना मागे टाकलं तेव्हा त्यांनी मुळ्याच्या जुड्यांमध्ये आडव्या पडलेल्या सायकलीला दोनदा घंटी दिली. मलाही एक दिली.

त्या धुक्याने मला वेड लावलं. वर्षभर मागून आणलेल्या सायकलवर मामांबरोबर फिरलो आणि मग मी स्वतःची सायकल घेतली. इथे माझी चूक सुरू होते. मी साधी सायकल घेतली नाही. एका बोटावर उचलता येते अशी घेतली. तशी सायकल घेतली की तसा ग्रुपही घ्यावा लागतो. आमच्या घोडबंदरच्या ग्रुपला एक कॅप्टन होता. कॅप्टन आम्ही निवडलेला नव्हता, त्याची सायकलच आमच्या सगळ्यांपेक्षा हलकी होती. वजन हा आमचा धर्म. सायकलीवरचे स्टिकरसुद्धा लोक वजनापायी खरवडून काढायचे आणि मग तिथेच उभं राहून दोन-दोन वडापाव खायचे. घंटी कुणाच्याच सायकलीला नव्हती. कॅप्टन म्हणायचा, "घंटी म्हणजे डेड वेट." नमस्कार आम्हीही करायचो, पण तो चाकावरून ठरायचा. समोरून सायकल आली की नजर आधी चाकावर, मग गिअरवर, मग बुटांवर, आणि तिथवर सगळं जमलं तरच चेहऱ्यापर्यंत. बहुतेकांचा चेहरा यायच्या आत ते निघून गेलेले असायचे. मीही हे शिकलो. मामांचं व्याकरण शिकायला मला वर्ष लागलं होतं, हे दोन रविवारांत आलं.

आणि मग तो मार्गशीर्षातला रविवार. आम्ही पाच जण येऊरचा चढ उतरत होतो. झाडीत गारवा होता आणि वळणावळणावर धुकं साचलेलं. मी रांगेत चौथा. एका वळणावर खालून मामा येताना दिसले. सीटवरून उठून, उभं राहून पायडल मारत होते, माकडटोपीतून तोंड लालबुंद दिसत होतं आणि सायकल प्रत्येक पायडलला कुरकुरत होती. ते चढत होते, म्हणजे त्यांच्याच नियमाने त्यांना सगळं माफ होतं. पण त्यांनी मला पाहिलं आणि नियम विसरले. आख्खा हात वर केला, अंगठ्यासकट. "अरे जावई! हाण, हाण!" सायकल डगमगली, त्यांनी ती सावरली, आणि वर घंटीही वाजवली, एकदा, ओळखीच्याला वाजवतात तशी.

मी ब्रेककडे बघितलं. ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. मी मान खाली घालून तो ब्रेक बघत बघत त्यांच्या बाजूने निघून गेलो.

खाली उपवनला चहा प्यायला थांबलो तेव्हा कॅप्टन हसत म्हणाला, "काय कॅरेक्टर होतं रे ते. तुला हाक मारत होते का?" मी म्हटलं, "छे रे. सगळ्यांनाच करतात ते हात." हे वाक्य तसं खोटं नव्हतं, म्हणून तर मला त्याची जास्त लाज वाटते. चहा पिताना एकदा मनात आलं, आता ते वर पोचले असतील आणि त्यांनी माथ्यावर घंटी वाजवली असेल. पण तिथून खाली काही ऐकू येत नाही. तीनेक किलोमीटरची झाडी आहे मध्ये.

त्याच संध्याकाळी आम्हाला मामींकडे जेवायला बोलावलेलं होतं. पोट बिघडल्याचं सांगून बघितलं, बायकोने ऐकलं नाही. पानं वाढलेली असताना तिने सहज विचारलं, "मामा, आज हाही येऊरला गेलेला. भेटलात की नाही?" माझा घास हातात राहिला. मामांनी भातावर तूप घेतलं, तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "भेटलो ना. जावईबापू चढत होते. चांगलीच धाप लागलेली. म्हटलं बोलायला लावू नये. चढावरच्याला माफ." मामी म्हणाल्या, "तूप घ्या हो जावईबापू, दमला असाल."

चढत ते होते आणि उतरत मी होतो. हे त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी तूप घेतलं. त्यानंतर माफी मागायचे कितीतरी प्रसंग आले. एकदा तर आम्ही दोघंच गॅलरीत बसून शेंगा सोलत होतो. पण तुम्ही जे केलं ते घडलंच नाही असं समोरच्याने ठरवून टाकलं की माफी मागायची तरी कशाची? मी गप्प बसलो आणि ते गप्प बसणं घेऊन पुढचे सगळे रविवार फिरलो.

पुढच्या पावसाळ्यात मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसायचं, बाजूचं मिटत चाललं होतं. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली तेव्हा आता घरात महाभारत होणार म्हणून आम्ही सगळे जमलो. तर मामा निमूटपणे हो म्हणाले. मामींनाच रडू आलं. मी विचारलं, "मामा, पडायची भीती वाटते का?" ते म्हणाले, "पडण्याचं काय, जावईबापू, पडलोय कितीदा. पण बाजूने येणारा दिसत नाही. एखाद्याने नमस्कार करायचा आणि आपण तसंच निघून जायचं. वाईट दिसतं ते." त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. लागायचं तिथे लागलंच.

सायकल गॅलरीत राहिली आणि मामी तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागल्या. घंटी तेवढी मामांनी पान्याने काढून घेतली. आता त्यांना समोरचंही अंधुक झालंय, तरी ते सकाळी काठी टेकत उपवनला येतात, येऊरचा रस्ता जिथे चढू लागतो तिथल्या कट्ट्यावर बसतात आणि खिशातून घंटी काढून मांडीवर ठेवतात. समोरून सायकलीचा आवाज आला की वाजवतात, पूर्वीच्याच व्याकरणाने. सुरुवातीला लोक दचकायचे. एक-दोघांनी थांबून पैसे टाकायला बघितलं, तेव्हा मामांनी त्यांना बसवून नियम समजावून सांगितले. आता बहुतेक जण उत्तर देतात. त्या सात बायका न चुकता हात करतात, पण मामांना तो दिसत नाही असं कळल्यापासून त्यांनी घंट्या बसवून घेतल्या आहेत.

मीही बसवली. कॅप्टनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वजन वाढलं रे." मी म्हटलं, "हो." भांडण काही झालं नाही, पण हळूहळू मी एकटाच जाऊ लागलो. आमचा रविवार ठरून गेला. मी कट्ट्यापाशी आलो की मामा एकदा घंटी वाजवणार. मी चढाला लागलेला, म्हणून मी उत्तर देणार नाही. वर, चढ संपतो तिथे, मी एक घंटी वाजवणार आणि खाली येणार. खाली आलो की मामा म्हणणार, "आली रे ऐकू." कधी म्हणायचे, "आज जरा उशिरा वाजली, दम कमी पडतोय तुझा." कट्ट्यावर बसणं ते सायकलवर असण्यात धरत, म्हणून तिथे 'अरे' चालायचं. तीन किलोमीटरवरची घंटी ऐकू येणं शक्य नाही हे मला कळत होतं. पण नजर गेली की कान तयार होतात असं लोक म्हणतात, आणि मला त्यावर विश्वास ठेवायला बरं वाटत होतं.

परवाच्या रविवारी अर्ध्या चढावर माझ्या पोटरीत गोळा आला. पाय सरळ होईना. रस्त्याकडेच्या दगडावर बसून पाय चोळला, आजूबाजूला धुकं झाडांतून खाली येताना बघत राहिलो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिथूनच वळून खाली आलो. वर गेलो नाही, घंटी वाजवली नाही. माझे ब्रेक ऐकून मामांचा चेहरा उजळला. "आली रे ऐकू," ते म्हणाले. "आज फार छान वाजवलीस."

मी सायकल धरून उभा राहिलो. मला त्यांच्या जेवणाच्या पानावरचा तो भात आठवला आणि माझ्याकडे सरकवलेली तुपाची वाटी आठवली. हा माणूस मला माफ करत सुटला होता, दर रविवारी, आणि मी ते घेत सुटलो होतो.

"मामा," मी म्हटलं, "मी आज वर गेलोच नाही. पायात गोळा आला."

ते घंटी रुमालाने पुसत होते, ते थांबले.

"आणि त्या दिवशी, तुम्ही मला हात केलात तेव्हा, मी चढत नव्हतो. मी उतरत होतो."

"माहितेय की," ते शांतपणे म्हणाले. "तेव्हा मला चांगलं दिसत होतं."

"मला तुमची लाज वाटली होती. ग्रुपसमोर. तुमच्या सायकलीची, त्या टोपीची."

मामांनी घंटी परत पुसायला घेतली. तलावावरून गार वारा येत होता. मग ते म्हणाले, "टोपीची मलाही वाटते. तुझ्या मामीने विणलीय, करतो काय." आणि थोड्या वेळाने, "पोटरी कशी आहे?"

"बरी आहे."

"मग जा. ऊन यायच्या आत चढून जा."

मी चढलो. दर वळणाला पोटरी आठवण करून देत होती, आणि जिथे मी ब्रेक बघत निघून गेलो होतो ते वळणही मध्ये लागलं. चढ संपला तिथे मी थांबलो. कुठेही आवाज नव्हता. मी घंटी एकदाच वाजवली. ओळखीच्याला एकदा असते.

समोरून पाड्यांवर पाव पोचवून पाववाला रिकामी टोपली घेऊन येत होता. पन्नाशीचा माणूस. मामा कितीतरी वर्षं त्याला आधी घंटी देत आलेत. पण आता उतरणारा तो होता, म्हणून त्याने आधी चार बोटं वर केली, अंगठा हँडलवर. जवळ येऊन थांबला आणि म्हणाला, "मामासाठी वाजवली काय? खाली बसलेत ना ते? बोलतो मी त्यांना, वाजली म्हणून." आणि उताराला लागला. मी दम घेत तिथेच उभा राहिलो. त्याची सायकल दिसेनाशी झाली तरी टोपलीची खडखड बराच वेळ झाडीतून ऐकू येत होती.

मी खाली पोचलो तेव्हा मामा उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, चढाकडे तोंड करून. "पाववाला सांगून गेला," ते म्हणाले. "म्हणाला, एकच वाजली, पण खणखणीत." या वेळी 'आली रे ऐकू' म्हणाले नाहीत. त्यांनी चाचपडत माझं हँडल शोधलं, त्यावरून हात फिरवत माझ्या घंटीपर्यंत नेला आणि म्हणाले, "शनिवारी घेऊन ये हिला. चिंच लावून देतो."

आम्ही वर्तकनगरकडे चालत निघालो. मी सायकल हातात धरलेली, मामांचा एक हात तिच्या सीटवर. कोपऱ्यावर बाजूच्या गल्लीतून एक वॉचमन सायकलवरून आला, डोळे झोपेने जड झालेले, आणि आमच्या अगदी जवळून जाताना त्याने मामांकडे बघून हात केला. मामा समोर बघत चालत होते. मी चार बोटं वर केली. तो गेल्यावर मामांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

"रात्रपाळीवाला होता. हात केला त्याने तुम्हाला."

मामा थांबले. खिशातून घंटी काढली, शर्टाला एकदा पुसली. वॉचमन तोवर पुढच्या गल्लीत वळून दिसेनासा झाला होता. तरी वाजवली.